नवमीचं पुरण

जी गोष्ट सांगायला ही वही उघडली, तीच सोडून मी बाकी सगळं लिहीत आलो. परळची खोली लिहिली, वडिलांचं जाणं लिहिलं, भाईंदरजवळच्या राई गावातलं घर लिहिलं. राईबद्दल लिहिताना एका ठिकाणी मी एक वाक्य टाकून पुढे निघून गेलो आहे: 'त्या पावसाळ्यात आमच्याकडे एक म्हातारा घोडा होता, दसऱ्याच्या दिवशी तो वयोमानाने गेला.' ते वाक्य खोटं आहे. घोडा होता, म्हाताराही होता, दसऱ्याला गेला हेही खरं. पण वयोमानाने गेला नाही. हे मी सोडून कुणालाच ठाऊक नाही. बायकोला सांगितलं नाही, दादाला त्याच्या शेवटच्या आजारपणातही सांगितलं नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आता मीरा रोडच्या या अकराव्या मजल्यावर संध्याकाळी गुडघ्यांना गरम पिशवी लावून बसलेलो असतो, तेव्हा खालून एखादी वरात जाते. नात गॅलरीतून हाक मारते, "आजोबा, घोडी आली." तिला खाली जाऊन घोडीला बिस्किटं भरवायची असतात. मागच्या आठवड्यात मी तिच्यावर असा ओरडलो की सून हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. पोरगी रडली. एवढंच म्हणत होती, की मी तर तिला खाऊच देत होते ना. मीही खाऊच दिला होता.

राईला आम्ही गेलो तेव्हा मी मॅट्रिकला गणितात आपटून घरी बसलो होतो. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. दादा अंधेरीच्या कारखान्यात. सकाळी अंधारात निघायचा, परतल्यावर जेवायचा आणि झोपायचा. घर म्हणजे कौलारू दोन खोल्या, मागे पडवी, पडवीपलीकडे विहीर आणि चार नारळ. समोरच्या गल्लीत आमच्यासारखीच मुंबईतून उठून आलेली दहा-अकरा घरं, आणि शेजारी मूळच्या गावातल्या बायजाकाकी. खाडीचा वारा सुटला की चिखलाचा आणि वाळत टाकलेल्या बोंबलांचा वास एकत्र घरात शिरायचा. आई नाकाला पदर लावायची. परळ सोडल्याचं दुःख तिने त्या वासावर काढलं. सकाळी बायजाकाकींच्या उखळाचा धप्प धप्प आवाज, दुपारी काहीच नाही, इतकं काहीच नाही की मिठागरावरच्या पाखरांचं ओरडणं घरात ऐकू यायचं. आज तिथे उभं राहिलो तर रिक्षांच्या हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. आमच्या विहिरीच्या जागी बहुधा एका इमारतीचा पार्किंगचा खांब आहे. बहुधा म्हणतो, कारण नक्की कुठे ते आता माझं मलाही दाखवता येत नाही.

वहिनीचं नाव सुमन. सिन्नरची. तिचे वडील नाशिकला टांगा हाकत. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणजे तेव्हा वीस वर्षांची असेल. पण नात्याचा मान म्हणून ती मला 'भाऊजी, तुम्ही' म्हणायची आणि मीही तिला 'तुम्ही'च म्हणायचो. ती आल्यावर वर्षभरात तिला मुलगा झाला आणि पाचव्या दिवशी गेला. त्यानंतर एकदा दिवस गेले ते राहिले नाहीत. मग आईने आणलेल्या दोन कोंबड्या मेल्या. मग तुळस जळाली. ती बहुधा खाऱ्या वाऱ्याने जळाली असेल. आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाची तुळस धड नव्हती. पण आईने एक वाक्य धरलं: "हिच्या हाताला गुण नाही." ती ते भांडणात म्हणत नसे. भाजी निवडताना, दिवा लावताना, पाऊस किती पडतोय हे सांगावं तसं म्हणायची. आईला मी दुष्ट म्हणणार नाही. दोन वर्षांत नवरा, घर आणि नातू गमावलेली बाई होती. तिला कुठेतरी बोट ठेवायला जागा हवी होती. पण ते वाक्य रोज ऐकून वहिनी लोणच्याच्या बरणीला हात लावेनाशी झाली, विरजण लावायचं झालं तर मला हाक मारायची. त्या आषाढात आईने सिन्नरला पत्र घातलं, की मुलीला दिवाळीत चार दिवस घेऊन जा. 'चार दिवस' म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळत होतं. दादा पत्र पोस्टात टाकायला घेऊन गेला.

त्याच आठवड्यात वहिनी बायजाकाकींबरोबर मिठागराकडे मीठ आणायला गेली आणि घोडा घेऊन आली. भाईंदर स्टेशनाबाहेर तेव्हा शेवटचे काही टांगे उरले होते. बस सुरू झाली, रिक्षा आल्या, तसे तेही एकेक करून बंद झाले. कुणीतरी आपलं म्हातारं जनावर मिठागराच्या बांधावर सोडून दिलं होतं. वहिनीला ते चिखलात उभं राहून भिजलेला पुठ्ठा चघळताना दिसलं. तिने पदराचं टोक त्याच्या गळ्यात घातलं आणि बांधावरून घरापर्यंतचं अर्ध्या तासाचं अंतर दुपारभर चालली. मी दारात होतो. आधी वहिनी दिसली, चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेली, आणि मागे ते. घोडा म्हणवेना. पाठीचा कणा खुंट्यांच्या ओळीसारखा वर आलेला, ढुंगणाची हाडं कातडी फाडून बाहेर येतील अशी, खोगिराच्या जागी जखमा, त्यांवर माश्या. बरगड्या मोजता येत होत्या, मी मोजल्याही. बायजाकाकी मागून येत होत्या. "मेलेल्याला कुठं नेतंस गो पोरी," त्या म्हणाल्या, "यो घोरा काय जगाचा न्हाय."

आई बाहेर आली. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता हाकलून देईल. पण ती म्हणाली, "ठेव. दसऱ्याला हा या दारात चार पायांवर उभा राहिला, तर मी माझ्या हाताने याला हार घालीन आणि ते वाक्य पुन्हा तोंडातून काढणार नाही. सिन्नरला दुसरं पत्रही घालीन. आणि नाही राहिला, तर तूच सामान बांध. मला सांगायला लावू नकोस."

वहिनी फक्त "बरं" म्हणाली.

त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. वहिनीने त्याच्या कानाशी तोंड नेऊन तिच्या वडिलांच्या अड्ड्यावरच्या साऱ्या घोड्यांची नावं एकेक करून घेतली. राजा, हिरा, पवन, बिजली, शेरू. प्रत्येक नावानंतर थांबायची. 'सुलतान' म्हटल्यावर त्याचा डावा कान थोडा वळला. तेवढंच. तो सुलतान झाला.

मला वाटलं होतं, आता त्याच्यापुढे चारा टाकायचा आणि तो खाईल. वहिनीने पहिल्या दिवशी त्याला मिठाचा खडा टाकलेलं पाणी पाजलं आणि दोन मुठी गवत दिलं. दोनच. तो दावणीची माती चाटत होता आणि ती पुढचं गवत लपवून बसली होती. मी चिडलो. "वहिनी, एवढा उपाशी आहे आणि तुम्ही मोजून देता?" तेव्हा तिने जे सांगितलं ते मी आयुष्यात विसरलो नाही, आणि विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. "उपाशी घोडा भुकेने मरत नाही भाऊजी," ती म्हणाली, "पहिल्या पोटभर जेवणाने मरतो. त्याला ओकता येत नाही. आत गेलं ते गेलं. म्हणून आधी पोटाला शिकवावं लागतं." तिच्या वडिलांनी असे दोन घोडे उठवले होते आणि एक घालवला होता.

मग ती त्याला शिकवायला लागली आणि मी तिच्या हाताखाली लागलो. दर दोन तासांनी ओंजळभर कोवळं गवत, बोटाएवढे तुकडे करून. तो खायचा, पण थोड्या वेळाने तोंडातून चघळलेल्या गवताचे ओले गोळे खाली पडायचे. वहिनीने त्याची जीभ बाजूला धरून कोपरापर्यंत हात तोंडात घातला आणि दाढा चाचपल्या. दोन नव्हत्याच, बाकीच्या झिजून वाकड्या. "चावताच येत नाही याला," ती म्हणाली, "म्हणजे आपणच चावून द्यायचं." त्या दिवसापासून पडवीतली चूल त्याची झाली. पिठाच्या गिरणीतून गव्हाचा कोंडा आणायचा, गरम पाण्यात तासभर भिजवायचा. जवस शिजवून त्याचा बुळबुळीत रस त्यात घालायचा. लसूणघासाचा हिरवा चारा वसईकडून भाजी आणणाऱ्या बायकांकडे सांगून ठेवलेला असायचा, तो बारीक चिरून, कुस्करून. तिसऱ्या आठवड्यापासून मूठभर हरभरे, रात्रभर भिजवलेले, शिजवलेले आणि पाट्यावर वाटलेले. मूठ म्हणजे तिची मूठ. माझी चालत नसे. पडवीत सगळीकडे कोंड्याचा गोडसर वास. अजून कधी गिरणीत गेलो की तो वास येतो आणि मी दळण ठेवून बाहेर उभा राहतो.

दर रविवारी ती त्याच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती सुतळी गुंडाळायची आणि जिथे टोक भिडेल तिथे गाठ मारायची. पहिले तीन रविवार गाठीवर गाठ पडली, एकाच जागी. चौथ्या रविवारी नवी गाठ जुन्या गाठीपासून अर्धं बोट पुढे पडली. वहिनी ती सुतळी हातात धरून खाली बसली आणि रडली. मी तिला त्या घरात रडताना तेवढं एकदाच पाहिलं, मूल गेलं तेव्हाही नाही.

मध्ये एकदा तो आडवा पडला. पोळ्याच्या सुमाराला. उपाशी जनावर आडवं झालं की उठत नाही म्हणतात. आई दारातून बघून आत गेली. तिने दादाची जुनी ट्रंक माळ्यावरून खाली काढून ठेवली. वहिनी त्याच्या पोटाखाली पेंढ्याचे भारे सारून त्याला छातीवर बसता करत राहिली, कूस बदलत राहिली, पळीपळीने कोमट पेज घालत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी बायजाकाकी त्यांच्या दोन मुलांना घेऊन आल्या. "बघतांव काय, उचला त्याला," म्हणाल्या आणि गोणपाटाची झोळी करून आम्ही पाच जणांनी त्याला उभा केला. तो थरथरत उभा राहिला. ट्रंक मात्र तिथेच राहिली, भिंतीला लागून. वहिनी रोज तिच्यावरून केर काढायची.

गणपती झाले तोवर गल्लीचा सुलतानवर जीव बसला होता. आणि इथेच त्या पुरणाचा उगम आहे. आमच्या गल्लीत गाय नव्हती. सणावाराला नैवेद्यातून गायीचा घास वेगळा काढायची सगळ्यांची सवय, पण परळहून आलेल्या माणसांनी तो घालायचा कुठे? पूर्वी कावळ्याला नाहीतर खाडीत. आता दारात जनावर उभं होतं. गायीच्या नावाचा घास केळीच्या पानावर घेऊन बायका आमच्या पडवीत येऊ लागल्या. वहिनीने मला बजावून ठेवलं होतं, की कुणाचा गोग्रास नाकारायचा नाही, माणसं दुखावतात. हात जोडून घ्यायचा, आणि घोड्याला त्यातला कणही न देता गावाच्या टोकाला भय्याचा तबेला आहे तिथे म्हशींना नेऊन घालायचा. ऋषिपंचमीपासून मी ते इमानाने करत होतो. म्हशी मला ओळखायला लागल्या होत्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, बहुतेक घरी पुरणाचा नैवेद्य. दुपारी बारापासून पानं यायला लागली. अकरा घरं. आणि उद्या सुलतानची पूजा म्हणून कुणी हात आखडता घेतला नाही; वाटीभर पुरण कुठे, डबाभर कुठे, वर तूप. आमचं मोठं पितळी पातेलं काठापर्यंत भरलं. वहिनी झेंडूची माळ ओवत होती. सकाळी तिने सुतळी लावली होती. पहिल्या गाठीपासून शेवटची गाठ चार बोटं पुढे गेली होती. तरी बरगड्या दिसत होत्या. आई सकाळी त्याच्याभोवती एक फेरी मारून गेली होती आणि म्हणाली होती, "अजून हाडंच आहेत की." वहिनीच्या हातातली सुई थांबली होती, एवढं मी पाहिलं. मग तिने मला हाक मारली, "भाऊजी, तेवढं पातेलं तबेल्यात नेऊन रिकामं करून या."

मी पातेलं डोक्यावर घेऊन मागच्या बाजूने निघालो आणि सुलतानच्या झावळ्यांच्या छपराजवळून जाताना तो खिंकाळला. तीन महिन्यांत त्याने तोंडातून आवाज काढला नव्हता. आम्हाला वाटलं होतं, त्याचा आवाजच गेलाय. बारीक, फाटका आवाज होता, पण घोड्याचा होता. मान लांब करून पातेल्याकडे बघत होता, नाकपुड्या फुगवून. मी पातेलं खाली ठेवलं. वाटलं, हा आता बरा झाला. बरा झालेल्याला कसलं पथ्य? वाटलं, पुरण म्हणजे हरभऱ्याचीच तर डाळ, शिजवलेली, वाटलेली, दाढांना काम नाही. गुळाने अंगात जोर येईल. उद्या आई बघेल तेव्हा या बरगड्या जरा तरी बुजतील. म्हशींना काय, त्या पोटभर खाऊन माजल्यात. हे सगळं मी त्या वेळी असंच्या असं मनात म्हटलं. पन्नासहून अधिक वर्षं मी ते तपासून पाहतोय, त्यात कुठे वाईट हेतू सापडतो का म्हणून. सापडला असता तर सोपं झालं असतं. मी एक गोळा दिला. तो त्याने माझ्या तळहातावरून ओठांनी उचलला, ओठ मऊ, गरम. मग दुसरा. मग मी पातेलंच त्याच्यापुढे धरलं. तो खात होता आणि मी त्याच्या कपाळावर हात ठेवून उभा होतो, आणि आपण आज फार मोठं पुण्य केलं असं मला वाटत होतं.

पातेलं विहिरीवर घासून, पुसून मी परत नेऊन दिलं. वहिनी म्हणाली, "घातलंत ना म्हशींना?" मी म्हटलं, "हो."

ते पहिलं खोटं. त्याचं मला फारसं काही वाटत नाही, तेव्हाही वाटलं नाही.

चार वाजता त्याने कोंड्याच्या घमेल्यात तोंड घातलं नाही. मग पुढच्या पायाने जमीन उकरायला लागला. वळून वळून आपल्याच कुशीकडे बघायचा, जणू तिथे कुणी उभं आहे. कानामागे घाम फुटला. वहिनीने त्याच्या पोटाला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. ती माझ्याकडे आली. आई तिच्यामागे पडवीच्या उंबऱ्यात उभी होती.

"भाऊजी, खरं सांगा. कुणी याला काही घातलं का? मुलांनी, कुणीही? मी रागावणार नाही. धान्याने पोट फुगलं असेल तर आता याच्या तोंडात थेंब घालायचा नाही, नुसतं चालवायचं आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टर आणायचा. आणि गवत अडकलं असेल तर पातळ पेज आणि तेल पाजायचं. दोन्हींचा इलाज उलटा आहे. म्हणून विचारते."

याहून स्पष्ट कुणी काय विचारायचं? मला सगळं समजलं होतं. तिच्या खांद्यावरून मला आई दिसत होती. आई माझ्याकडेच बघत होती. मॅट्रिक नापास, घरात बसून खाणारा, आणि आता हेही. मी म्हटलं, "नाही वहिनी. कुणीच काही नाही घातलं."

"नक्की?"

"नक्की."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. चुलीवर पाणी ठेवलं, कोंड्याची पातळ पेज केली, त्यात गोडं तेल ओतलं, आणि सुलतानची मान उंच धरून बांबूच्या नळीने त्याला पाजायला लागली. एक घमेलं. मग थोड्या वेळाने अर्धं. नळी मीच धरली होती. तो गिळत नव्हता, तेल त्याच्या हनुवटीवरून माझ्या मनगटावर येत होतं आणि वहिनी त्याला म्हणत होती, "घे रे बाबा, माझ्यासाठी घे." मधेच मला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, कदाचित पुरणाने झालंच नसेल. मग वाटलं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं म्हणतील. माणूस खरं सांगण्याच्या किती जवळून किती वेळा जातो आणि वळतो, ते मी त्या नळीच्या टोकाशी शिकलो.

सकाळी दादा भाईंदरहून गुरांच्या डॉक्टरांना सायकलवर मागे बसवून घेऊन आला. दसऱ्याचा दिवस. गल्लीतल्या दारांवर तोरणं. सुलतान उभा होता, पण पाय फाकवून, डोकं भिंतीला टेकवून. डॉक्टरांनी पापणी उलटी करून पाहिली, नाडी पाहिली, पोटावर बोटांनी ठोकलं. काय काय दिलं म्हणून विचारलं. वहिनीने सगळं सांगितलं, पेज किती, तेल किती, कुठल्या वेळी. "त्याआधी?" ते म्हणाले. "धान्य? काही जड?" वहिनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "नाही. खात्री केलीय मी." तिथे मी होतो, आई होती, दादा होता, बायजाकाकी होत्या. डॉक्टर सभ्य माणूस होते. त्यांच्यापुढे जे सांगितलं गेलं त्यावरून त्यांनी मत दिलं. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "या पोटावर आणखी काही घालायला नको होतं."

त्यांनी सुई दिली, पण देतानाच मान हलवली. दुपारी सुलतान खाली बसला, मग कुशीवर गेला. वहिनीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. एकदा त्याने पाय ताणले, पळताना ताणतात तसे. बायजाकाकींनी सोनं म्हणून आणलेली आपट्याची पानं कमरेच्या पदरातून सोडली आणि त्याच्या मानेवर ठेवली. झेंडूची माळ खुंटीवर तशीच होती.

आई ते वाक्य म्हणाली नाही, हे तिच्या बाजूने लिहायला हवं. ती नुसती आत गेली. म्हणाली ती वहिनी. मांडीवरचं डोकं खाली ठेवून, उजवा तळहात स्वतःपुढे धरून, तो कुणा दुसऱ्याचा असावा तसा बघत म्हणाली, "मीच पाजलं. माझ्या हातानं पाजलं मी."

तिसऱ्या दिवशी तिने ट्रंक भरली. मी स्टेशनपर्यंत पोचवायला गेलो. गाडी येईपर्यंत ती मलाच समजावत होती, की भाऊजी, गणित सोडू नका, रोज दहा उदाहरणं सोडवा. परत येऊन तिचा कोपरा झाडताना मला खुंटीमागे ती सुतळी सापडली. दादाने नंतर दुसरं लग्न केलं, संसार चांगला झाला. मी दुसऱ्या खेपेला मॅट्रिक पास झालो, गणितात.

त्यानंतर मी वहिनीला एकदाच भेटलो. मी निवृत्त झालो त्या सालची गोष्ट. मुलगी, तिचं चार महिन्यांचं बाळ, बायको आणि मी गाडीने नाशिकला एका लग्नाला चाललो होतो. सिन्नरला वाट वाकडी केली. खिशात सुतळी होती. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. ती विड्या वळत बसली होती, मांडीवर सूप, केस सगळे पांढरे. मला तिने आवाजावरून ओळखलं. मी विचारलं, या वयात विड्या कशाला? ती हसून म्हणाली, "विड्या बऱ्या भाऊजी. त्यांना जगवावं लागत नाही." अंगणात कोंबडी नव्हती, कुंडी नव्हती, दारात तुळस नव्हती. चहा शेजारणीने करून आणला. निघताना मुलीने मोठ्या प्रेमाने बाळ तिच्यापुढे केलं, आजी घ्या ना म्हणून. वहिनी मागे सरकली. दोन्ही हात पदराखाली घेतले आणि बाळाकडे अशी बघत राहिली की मला मान खाली घालावी लागली. "नको गं," ती म्हणाली, "माझ्या हाताला गुण नाही."

माझी बायको म्हणाली, काहीतरीच काय. ड्रायव्हरने हॉर्न दिला. माझं तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. त्यातून निघालं ते एवढंच, की चहा छान झाला होता. वाटेत घाटात गाडी थांबवायला सांगून मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, परत फिरू म्हणालो नाही.

गेल्या श्रावणात ती गेली. तिच्या भाच्याचा फोन आला होता. मी "अरेरे" म्हटलं आणि काय झालं होतं ते विचारलं.

सुतळी इथे टेबलावर आहे, या वहीशेजारी. अकरा गाठी. पहिल्या तीन एकमेकींवर बसल्यात, त्या आता सुटत नाहीत. जे त्या अंगणात म्हणायचं होतं, आणि त्याही आधी, नवमीला चार वाजता म्हणायचं होतं, ते एवढंच आहे.

वहिनी, पुरण मी म्हशींना घातलं नाही. सुलतानला घातलं, पातेलंभर. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो, आणि तुम्ही त्या खोट्यावर इलाज केलात. तो तुमच्या हाताने मेला नाही. तुमच्या हाताने तो चार बोटं वाढला होता. मला माफ करा. बाळाला घ्या, वहिनी. हात पुढे करा.